बोरकरच्या फॉर्मवर माझं नाव

आमच्या ऑफिसात रोज सकाळी कॉम्प्युटर उघडला, की स्क्रीनवर अलर्ट साचलेले असतात. बँकेतल्या कुणाच्या तरी खात्यात काहीतरी विचित्र घडलेलं असतं आणि आम्ही ते तपासून, कारण लिहून, बंद करायचं असतं. किस्सेही असेच साचतात. फरक एवढाच, की अलर्ट बंद करता येतो. किस्सा बंद होत नाही! मी अकरा वर्षं या खात्यात आहे आणि माझ्याकडे साचलेल्या बऱ्याच किश्शांमध्ये नितीन बोरकर आहे. हे मला अजिबात आवडत नाही, पण काय करणार?

काळा पैसा पांढरा होताना पकडायचा, हे आमचं काम. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात आम्ही न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत, हायवेलगतच्या एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर बसून लोकांना मनातल्या मनात प्रश्न विचारतो. पैसा कुठून आला? कुणाचा? आत्ताच का आला?

ही सवय घरी येते. मागे शेजारच्या कुलकर्ण्यांकडे वास्तुशांत होती. पाच बेडरूमचं घर, स्विमिंग पूल. मी प्रसादाची वाटी हातात घेऊन सहज विचारलं, "डाउन पेमेंटचा सोर्स काय?"

कुलकर्णी हसले. त्यांना तो जोक वाटला. माझी बायको अश्विनी हसली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी तू फक्त 'छान आहे' म्हणायचं. दोन शब्द. जमेल?"

जमलं नाही.

*

नितीन नागपूरचा, मी पुण्याचा. तो माझ्यानंतर चार वर्षांनी जॉइन झाला, माझ्याच शेजारच्या डेस्कवर. त्याला काम मी शिकवलं. गाडी चालवायलाही मीच शिकवलं, कारण इथे त्याशिवाय जगणं नाही. आमच्या ऑफिसला बस जात नाही. म्हणजे, कागदोपत्री एक जाते. पण त्या बसमधून उतरलेला माणूस मी अकरा वर्षांत पाहिलेला नाही! तेव्हा आम्ही कारपूल सुरू केलं. एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा त्याची.

अलर्ट बंद करताना त्यामागचं कारण लिहावं लागतं. माझी कारणं तीन-तीन पानांची. सगळ्या तारखा, सगळे आकडे, शेवटी निष्कर्ष. नितीन चार ओळी लिहितो.

एकदा आमची बॉस डेब्रा दोघांचे कागद घेऊन आली. माझा गठ्ठा हातात तोलून म्हणाली, "विवेक, व्हेरी थरो." मग नितीनचा अर्धा कागद वर धरला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "एव्हरीबडी, प्लीज राइट लाइक धिस!"

त्या दिवशी घरी जाताना गाडी माझी होती. मी पंचवीस मिनिटं एक शब्द बोललो नाही. उतरताना नितीन म्हणाला, "भाऊ, आज ट्रॅफिक कमी होता ना?"

*

आता फुलवाल्या आजींचा किस्सा. हा नीट लक्षात ठेवा.

बाजूच्या गावात सत्तरीच्या एक बाई फुलांचं दुकान चालवायच्या. आठवड्यातून चार-पाचदा थोडी थोडी रोकड बँकेत भरायच्या, तीही वेगवेगळ्या ब्रँचला. आमच्या धंद्यात याला वाईट लक्षण मानतात. मोठी रक्कम नजरेत येऊ नये म्हणून लोक ती अशी तुकड्यातुकड्यांनी भरतात. अलर्ट नितीनकडे आला. मी म्हटलं, "सरळ वर पाठव. क्लिअर केस आहे."

नितीन स्क्रीनकडे बघत म्हणाला, "भाऊ, म्हातारी बाई आहे यार. जाऊन बघू ना एकदा."

आमच्या खात्यातला पहिला नियम आहे, कस्टमरला भेटायचं नाही. दुसरा नियम, पहिला विसरायचा नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी हे शिकवतात, नोकरी जाऊ शकते म्हणून सांगतात. नितीनला हे मीच शिकवलं होतं.

आणि तरी लंच टाइममध्ये आम्ही गेलो. आठवडा माझ्या गाडीचा होता. मी पार्किंग लॉटमध्ये इंजिन चालू ठेवून बसलो, चोरी करायला आल्यासारखा. वीस मिनिटांनी नितीन हातात पिवळ्या शेवंतीचा गुच्छ घेऊन बाहेर आला.

"बोलली का?"

"मी काही विचारलंच नाही बे. फुलं बघत बसलो. तीच बोलून राहिली होती." आजींना पूर्वी एकदा रस्त्यात लुटलं होतं. तेव्हापासून नवऱ्याने नियम घालून दिला, की एका दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त पैसे घेऊन घराबाहेर पडायचं नाही. नवरा गेला, नियम राहिला. त्या रोजची रोकड बिस्किटाच्या वेगळ्या डब्यात ठेवायच्या आणि जो कुणी गाडीतून सोडेल त्याच्या वाटेवरच्या ब्रँचला एक डबा रिकामा करायच्या.

मग नितीनने रीतसर ब्रँच मॅनेजरला ईमेल केलं, तिथून हेच उत्तर लेखी आलं आणि त्याने चार ओळींत अलर्ट बंद केला. दुकानात जाऊन आल्याचं त्या चार ओळींत अर्थातच नव्हतं. ते फक्त त्याला आणि मला माहीत.

फुलं त्याने त्याच संध्याकाळी आमच्या घरी येऊन अश्विनीला दिली होती. "वहिनी, तुमच्यासाठी."

अश्विनीने ती फुलदाणीत लावली, लांबून बघितली आणि मला विचारलं, "तू शेवटची कधी आणली होतीस रे?"

*

मग आली ती नवी संस्था.

प्रत्येक देशाचा आपापला रेग्युलेटर असतो, म्हणजे बँकांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा. पण पैशाला पासपोर्ट लागत नाही. तो सकाळी एका देशात असतो आणि दुपारी तिसऱ्याच. म्हणून बऱ्याच देशांनी ठरवलं, की या सगळ्या रेग्युलेटरांच्या वर एक सामाईक रेग्युलेटर काढायचा. त्यात अमेरिकाही होती. हेडक्वार्टर कुठे यावर त्यांचं भांडण सुरू होतं, तोपर्यंत तयारीचं ऑफिस न्यू जर्सीतच भाड्याच्या जागेत थाटलं, आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. त्यांना बँकांमध्ये प्रत्यक्ष काम केलेली माणसं हवी होती. आमच्या बँकेतून एक.

मला ती नोकरी हवी होती. इतकी, की मी घरात कुणाला न सांगता तिकडच्या शाळांची माहिती काढून ठेवली. कुठल्या देशातल्या शाळा, हे ठरलेलं नसताना! अकरा वर्षं मी दुसऱ्यांनी केलेले नियम पाळत होतो. एकदा नियम करणाऱ्यांच्या टेबलावर बसायचं होतं.

अर्ज मी केला. नितीननेही केला. "फॉर्म भरून पाहिला बस," म्हणाला.

इंटरव्ह्यू दोघांचा एकाच दिवशी. पार्किंगमध्ये त्याच्या लक्षात आलं, की टाय घरीच राहिला. मी गाडीत नेहमी एक जास्तीचा ठेवतो. दिला. निळा, रेशमी, माझ्या सासऱ्यांनी दिलेला.

पॅनेलने विचारलं, "नवी संस्था उभी करताना पहिली गोष्ट कोणती कराल?" मी चौदा स्लाइड्स दाखवल्या. बाहेर आल्यावर नितीनला विचारलं, "तू काय सांगितलं?"

"मी म्हटलं, पहिले आपल्याच लोकांचे खाते तपासू."

"आणि?"

"आणि काय, सगळे हसले. मग एकदम चूप झाले. मग लिहून घेतलं."

निकाल पंधरा दिवसांनी आला. टाय माझा, नोकरी त्याची! वर टाय ड्रायक्लीन करून परत केला. मला साधं नावं ठेवायलाही जागा ठेवली नाही या माणसाने.

*

त्याच आठवड्यात मंडळाचा गणपती होता, एका शाळेच्या जिममध्ये. बास्केटबॉलच्या जाळीखाली मखर, समोर सतरंज्या. मी मोदकांच्या टेबलावर वाढायला होतो. येणारा प्रत्येक जण आधी नितीनबद्दल बोलायचा आणि मग मोदक घ्यायचा.

साठे काका, वय ऐंशी, मंडळाचे संस्थापक, ताट पुढे करून म्हणाले, "अरे विवेक, आपला बोरकर इंटरनॅशनल झाला म्हणे!"

"हो काका."

"तुम्ही दोघं एकाच कामाला ना?"

"हो काका."

"मग तुझं काय झालं?"

मी त्यांच्या ताटात एक मोदक जास्त वाढला. काका म्हणाले, "मला शुगर आहे." मी म्हटलं, "मला माहीत आहे."

हे माझ्या मुलीने, ईशाने ऐकलं. ती पंधरा वर्षांची. घरी येताना मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, यू आर सो जेलस ऑफ नितीन काका. इट्स लाइक, एम्बॅरसिंग."

"मराठीत बोल," मी म्हटलं.

"मराठीत पण तसंच आहे," ती म्हणाली.

खरं होतं. जळत होतो मी! माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. हा वर माझ्या गाडीत बसून मलाच विचारायचा, "भाऊ, तिथे माझं कसं होईल बे?"

*

देवाने मग मला एक संधी दिली. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

नव्या संस्थेला पगार द्यायला, भाडं भरायला बँकेत खातं हवं होतं. ते आमच्या बँकेत आले आणि त्यांची फाइल तपासायला माझ्या टेबलावर आली.

मी त्यांना नेहमीचा फॉर्म पाठवला. पहिलाच प्रश्न, तुमचा अंतिम मालक कोण? म्हणजे एवढ्या सगळ्या नावांच्या मागे खरा माणूस कोण? तिकडून लूक नावाच्या बेल्जियन साहेबाचा फोन आला.

"आमचा कुणी मालक नाही. आम्ही सगळ्या देशांचे आहोत."

"सगळ्यांचे म्हणजे कुणाचे?"

"कुणा एकाचे नाही."

"मग सर, आमच्या नियमाप्रमाणे तुम्ही हाय रिस्क," मी म्हटलं. किती महिन्यांनी मला इतकं बरं वाटलं होतं!

मग पत्त्याचा पुरावा मागितला. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. फोन साहेबाच्या स्वतःच्या नावावर. संस्थेच्या नावाचा जगात एकच कागद निघाला, पिण्याच्या पाण्याचे जार टाकणाऱ्याची पावती. मी तो नामंजूर केला. मग विचारलं, "पैसा कुठून येणार?" साहेब म्हणाले, "सरकारांकडून." मी विचारलं, "आणि त्यांच्याकडे कुठून येतो?"

तीन आठवडे हे चाललं. शेवटी डेब्रा माझ्या डेस्कपाशी आली. आवाज अगदी शांत. "विवेक, जगभरच्या मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवायला निघालेली संस्था तू मनी लाँडरिंगच्या संशयावरून अडवून ठेवली आहेस. असं करणारा तू पहिलाच असशील."

"प्रोसेस आहे," मी म्हटलं.

ती गेल्यावर नितीनने खुर्ची फिरवली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, सरकारी संस्थांचा फॉर्म वेगळा असते ना? छोटावाला. मालकाचा प्रश्नच नसते त्याच्यात." मग म्हणाला, "तूच शिकवला होता मला."

मी म्हटलं, "अरे हो की! विसरलोच."

"होते यार," नितीन म्हणाला आणि खुर्ची परत वळवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खातं उघडलं.

*

नितीनची निवड पक्की होण्याआधी त्याची चौकशी व्हायची होती. त्यासाठी ओळखीच्या माणसाचं नाव द्यायचं असतं. त्याने माझं दिलं. तेही न विचारता! मला थेट ईमेल आलं. दहा प्रश्न, नऊ सोपे. किती वर्षं ओळखता, स्वभाव कसा, दारू पितो का.

अवघड होता तो नववा, 'या व्यक्तीने कामाचा एखादा महत्त्वाचा नियम मोडल्याचं तुम्हाला माहीत आहे का?'

खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

मला पिवळी शेवंती आठवली. 'हो' म्हटलं असतं तर नितीन संपला असता. त्यांची दुसरी निवड मीच होतो, हे डेब्राने मला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि खोटं काय होतं त्यात? नियम मोडलाच होता की त्याने! मी फक्त गाडी चालवली होती. मी फक्त गाडीत बसलो होतो. हे वाक्य मी आंघोळ करताना म्हणून पाहिलं, गवत कापताना म्हणून पाहिलं, कॉस्टकोत बिलाच्या लाइनमध्ये म्हणून पाहिलं. दर वेळी खरं वाटायचं आणि दर वेळी स्वतःची थोडी शिसारी यायची.

"काय पुटपुटतोस?" अश्विनीने विचारलं.

"काही नाही. ऑफिसचा फॉर्म आहे."

"मग भरून टाक ना."

आठ दिवस भरला नाही. शेवटी बाकीचे सगळे प्रश्न भरले, नववा कोरा ठेवला आणि पाठवून दिला. माझी तीन-तीन पानं लिहिणारी बोटं, पण एका चौकोनात टिक करता येईना.

*

नितीनला नोकरी मिळाली, हे सांगून टाकतो. हेडक्वार्टर शेवटी युरोपातल्या एका शहरात गेलं आणि नितीनही गेला. फेअरवेलला डेब्रा रडली. मी अकरा वर्षांत तिला साधं शिंकतानाही पाहिलं नव्हतं!

आता तो फोटो पाठवतो. नदीकाठी नितीन. ट्रॅममध्ये नितीन. वीस देशांची माणसं बसलेल्या लांबलचक टेबलापाशी नितीन, गळ्यात निळा टाय. मी झूम करून पाहिलं. माझ्यासारखाच टाय त्याने विकत घेतलाय!

अश्विनीने त्या फोटोला हार्ट टाकलं. मी अंगठा टाकला. तोही दुसऱ्या दिवशी.

*

एक किस्सा राहिला. फेअरवेलच्या महिनाभर आधीचा. हा मी अश्विनीलाही सांगितलेला नाही.

अर्धवट फॉर्म पाठवला त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मला फोन आला. चौकशी करणारी बाई. आवाज तरुण, अगदी नम्र. "मिस्टर शेवडे, दोन छोटे मुद्दे क्लिअर करायचे होते."

मी फोन घेऊन पार्किंगमध्ये गेलो आणि गाडीत बसलो.

"पहिला मुद्दा. मिस्टर बोरकरांना आम्ही दोन नावं मागितली होती. एक, त्यांच्याबद्दल खात्रीने चांगलं सांगेल अशा माणसाचं. दुसरं, त्यांची ही नेमणूक ज्याला खुपत असेल अशा माणसाचं. आम्ही दोन्ही बाजू ऐकतो. त्यांनी दोन्ही ठिकाणी तुमचंच नाव लिहिलंय. सिस्टीमने डुप्लिकेट म्हणून अलर्ट दिला. चूक झाली असेल त्यांची, नाही का?"

काचेतून मला तिसऱ्या मजल्याची खिडकी दिसत होती. त्या खिडकीत नितीनचं डेस्क.

"नाही," मी म्हटलं. "चूक नाही. बरोबर लिहिलंय."

टाइप केल्याचा आवाज आला.

"थँक यू. दुसरा मुद्दा. तुम्ही नववा प्रश्न कोरा सोडलात."

मी स्टिअरिंग धरलं. गाडी बंद होती, तरी धरलं. एकदा वाटलं, 'नाही' म्हणावं. एकदा वाटलं, 'हो' म्हणावं. मग तोंडातून जे आलं ते मी आधी कुठेही म्हणून पाहिलेलं नव्हतं.

"हो लिहा," मी म्हटलं. "एकदा. फुलांच्या दुकानात एका कस्टमरला बघायला गेला होता. आणि तो एकटा नव्हता. मी सोबत होतो. गाडी माझी होती, ड्राइव्ह मी केलं. माझंही नाव लिहा."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"फुलांच्या दुकानाचं मिस्टर बोरकरांनी स्वतःच त्यांच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहिलंय," ती सावकाश म्हणाली. "तारखेसकट. पण मिस्टर शेवडे, त्यात तुमचा उल्लेख कुठेच नाही. ते म्हणतात, ते एकटेच गेले होते."

"एकटा? आणि गेला कसा म्हणे?"

"बसने."